नोंदवहीबाहेरचा रोगी

(देवस्थानच्या सभामंडपात महाजन कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 श्रींच्या सभामंडपात आपण आजवर कीर्तने ऐकली, पुराणे ऐकली, प्रवचने ऐकली. वैद्यकीसारखा ऐहिक विषय येथे मांडताना मन थोडे संकोचते. परंतु ज्या दारावरून देवाची पालखी जाते त्याच दारातून आजारपणही आत येते, आणि मुलींच्या शिक्षणाची चिंताही त्याच घरात वाहिली जाते. तेव्हा हा विषय देवळाच्या अंगणाला परका मानण्याचे कारण नाही.

समितीने विषय सुचविला तो असा: प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणारी स्त्री-डॉक्टर ती सेवा सोडून आरोग्य-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जाते, या गोष्टीकडे आपण कसे पाहावे? हा प्रश्न आपल्या कुटुंबांत आता नवा राहिलेला नाही. मुलगी साडेपाच वर्षे खपून एम. बी. बी. एस. होते, एखाद्या आरोग्य केंद्रात काही वर्षे बाह्यरुग्ण विभाग सांभाळते, आणि एके दिवशी सांगते की, आता मी रोग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या, दूरवरून सल्ला देणाऱ्या, निदानाला साहाय्य करणाऱ्या संगणक-प्रणालींच्या कामाला जाणार. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "म्हणजे तू आता डॉक्टर नव्हेस का ग?" बाप मनात हिशेब करतो की, एवढी जागा मिळविली, एवढा पैसा घातला, त्याचे काय झाले? हे प्रश्न रागाचे नसतात, काळजीचे असतात. म्हणून त्यांना उत्तरही तितक्याच काळजीने दिले पाहिजे.

एक गोष्ट मात्र आधी ध्यानात घेऊ. आपल्या समाजाने मुलीच्या वैद्यकीविषयी यापूर्वीही शंका काढल्या होत्या; तेव्हा शंका होती ती तिने वैद्यकीत जावे की नाही ही. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेला आरंभ करण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी निवर्तल्या. रखमाबाईंनी १८९४ मध्ये विलायतेत वैद्यकीय पात्रता मिळविली आणि पुढची कित्येक वर्षे सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली. त्या काळी वडीलधारे विचारीत, "मुलीने रोग्याला हात लावावा का?" आज तेच वडीलधारे विचारतात, "मुलीने रोग्यावरचा हात काढावा का?" शंभर-सव्वाशे वर्षांत समाजाने केलेली ही प्रगतीच म्हणावयाची. तरीही दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच गंभीर आहे.

प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल दिला. भोर हे नाशिकात जन्मलेले. गावाजवळच प्रतिबंध आणि उपचार एकत्र मिळावेत, रोग्याला पैशावाचून परत जावे लागू नये, ही कल्पना त्या अहवालाने देशापुढे ठेवली. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच कल्पनेची फळे होत. तेथला डॉक्टर एखाद्या अवयवाचा तज्ज्ञ नसतो. तो माणसाचा जाणता असतो. या बाईला मधुमेह आहे, तिचा नवरा आखातात आहे, सासू अंथरुणाला खिळलेली आहे, म्हणून ती औषध न्यावयाला दर महिन्याला येऊ शकत नाही, हे त्याला ठाऊक असते. आणि जी बाई मुळीच येत नाही, तिचेही घर त्याला ठाऊक असते. माझ्या मते प्राथमिक सेवेचे सगळे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. दवाखान्यात आलेल्याला औषध देणे कोणालाही शिकविता येते. कोण आले नाही हे ओळखणे मात्र वर्षानुवर्षे त्याच उंबरठ्यावर बसल्याशिवाय येत नाही.

आता मूळ विषयाकडे वळते. उपदेशापेक्षा उदाहरण बरे, म्हणून एका स्त्री-डॉक्टरची वाटचाल मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्या अमेरिकेच्या आहेत. त्यांचे नाव कॅरन डेसाल्वो. लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहरात ट्युलेन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि सामान्य वैद्यकशास्त्राच्या शाखेत तेथेच काम करू लागल्या. त्या शहरात चॅरिटी हॉस्पिटल नावाचे एक जुने धर्मार्थ रुग्णालय होते. स्थापना १७३६ सालची. ज्यांच्यापाशी विमा नाही, पैसा नाही, अशा शहरातील गोरगरिबांचा आसरा म्हणजे हे रुग्णालय.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली. लक्षावधी माणसे घरदार टाकून दुसऱ्या राज्यांत गेली. चॅरिटी हॉस्पिटल त्या दिवसांत जे बंद पडले, ते रुग्णालय म्हणून पुन्हा कधीच उघडले नाही. आणि रुग्णालयांच्या, दवाखान्यांच्या तळघरांतून व कपाटांतून ठेवलेले रोग्यांचे कागद भिजून लगदा झाले.

याचा अर्थ काय होतो, हे आपण घरगुती भाषेत समजून घेऊ. कर्करोगावरील औषधांचा अर्धा क्रम पुरा झालेली एक बाई दुसऱ्या शहरातील शाळेच्या सभागृहात सतरंजीवर बसलेली आहे. कोणते औषध, किती मात्रा, कितवी वेळ, हे सांगणारा कागद वाहून गेला आणि डॉक्टर स्वतःच बेघर झाला. समोरचा नवा डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याने काय करावे? याच आपत्तीत एक वेगळे चित्रही दिसले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील नोंदी संगणकावर होत्या. त्यांच्या प्रती शहराबाहेर नेण्यात आल्या, आणि थोड्याच दिवसांत ते सैनिक जेथे गेले तेथील डॉक्टरांना त्यांचा पूर्वेतिहास वाचता येऊ लागला. एकाच शहरात, एकाच पुरात, एकाची नोंद तरली आणि दुसऱ्याची बुडाली.

डेसाल्वोबाई आणि त्यांचे सहकारी त्या दिवसांत शहरात रोगी तपासत होते. मोठी रुग्णालये बंद, म्हणून मिळेल त्या जागी, तात्पुरत्या सामग्रीवर. निराधार मुलांच्या एका आश्रयगृहाच्या वास्तूत त्यांच्या विद्यापीठाचे असे एक केंद्र सुरू झाले आणि पुढे ते पक्के सामुदायिक आरोग्य केंद्र बनले. मोडलेले एकच मोठे रुग्णालय पुन्हा बांधण्याची वाट पाहत न बसता वस्तीवस्तीतून लहान दवाखाने उभारावेत, आणि त्या दवाखान्यांतील नोंदी आरंभापासूनच संगणकावर ठेवाव्यात, हा विचार त्या शहराने त्या काळात स्वीकारला. बाईंची तंत्रज्ञानाकडे वाट वळली ती येथून, भिजलेल्या कागदांच्या ढिगातून. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीला भुलून त्या तिकडे गेल्या नाहीत.

२०११ साली त्या न्यू ऑर्लीन्स शहराच्या आरोग्य आयुक्त झाल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ अखेरीस, आयझॅक नावाचे वादळ आले. या खेपेस बांध टिकले. पण वीज गेली, आणि ती कित्येक दिवस आली नाही. आता वीज जाणे म्हणजे निरोग्याला उकाडा, एवढेच. पण घरी काँसंट्रेटर नावाचे यंत्र लावून हवेतून प्राणवायू घेणारा वृद्ध, किंवा व्हेंटिलेटरवर श्वास घेणारा अपंग मुलगा, यांना वीज म्हणजे प्राण. अशा माणसांनी आपली नावे महापालिकेकडे आधी नोंदवावीत, अशी सोय शहरात होती. परंतु जी माणसे सर्वांत अधिक संकटात, तीच नाव नोंदवावयाला आली नव्हती. आरोग्य खात्याचे लोक काळोखात दारे ठोठावीत हिंडत होते आणि कोणाचे दार ठोठवावे हे त्यांना नक्की ठाऊक नव्हते.

या अनुभवातून बाईंनी एक वेगळी वाट काढली. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी व काही अपंगांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी आरोग्यविमा आहे. त्या विम्याच्या दप्तरात प्रत्येक बिलाची नोंद असते. घरी प्राणवायूचे यंत्र कोणाला दिले, त्याचे भाडे कोणासाठी भरले, हेही त्यात असते. हा सगळा हिशेब पैशासाठी ठेवलेला. त्यातून माणसे वाचविता येतील का? जून २०१३ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याच्या साहाय्याने न्यू ऑर्लीन्समध्ये याची रंगीत तालीम झाली. विमा-दप्तरातून यंत्रावर अवलंबून असलेल्यांची यादी काढण्यात आली, ती सुरक्षित रीतीने शहराच्या आरोग्य खात्याकडे देण्यात आली, आणि मग कार्यकर्ते घरोघर जाऊन पाहून आले की यंत्र खरोखरच तेथे आहे की नाही. त्या यादीतील नोंदी १०० पैकी ९३ इतक्या प्रमाणात खऱ्या ठरल्या. पुढे, २०१५ पासून, कोणत्या भागात अशी किती माणसे आहेत याचा नकाशा सबंध अमेरिकेसाठी उपलब्ध करून देण्यात आला.

श्रोतेहो, या गोष्टीत संगणकाचे काम फार मोठे नाही. याद्या जुळविणे हे कारकुनाचे काम. ते यंत्र वेगाने करते एवढेच. मोठी गोष्ट आहे ती मुळातल्या प्रश्नाची. "माझ्या यादीत कोण आहे?" असा प्रश्न अधिकारी विचारतो. "माझ्या यादीत कोण नाही?" असा प्रश्न ज्याला सुचतो त्याने आयुष्यात कधीतरी दवाखान्याच्या बाकावरची रिकामी जागा पाहिलेली असते. डेसाल्वोबाईंनी दवाखाना सोडला. पण दवाखान्याने शिकविलेला हा प्रश्न त्यांनी बरोबर नेला. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, डॉक्टर मुलगी तंत्रज्ञानात गेली म्हणजे वैद्यकी संपली असे नाही. ती हा प्रश्न बरोबर नेते की उंबरठ्यावर ठेवून जाते, यावर सारे अवलंबून आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगते. २०१४ च्या आरंभी डेसाल्वोबाई अमेरिकेच्या केंद्र सरकारात आरोग्य-माहिती-तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय समन्वयक झाल्या. २००९ च्या कायद्याने तेथील सरकारने अब्जावधी डॉलरांचे उत्तेजन देऊन डॉक्टरांना संगणकीय नोंदी घ्यावयास लावल्या होत्या. नोंदी संगणकावर आल्या खऱ्या; पण एका रुग्णालयाचा संगणक दुसऱ्याशी बोलेना. कोठे तांत्रिक अडचण होती, तर कोठे रोगी दुसरीकडे जाऊ नये म्हणून माहिती मुद्दाम अडवून धरली जात होती. बाईंच्या कार्यालयाने एप्रिल २०१५ मध्ये या अडवणुकीविषयी अमेरिकन संसदेला अहवाल सादर केला, आणि डिसेंबर २०१६ च्या कायद्यात अशा अडवणुकीस प्रतिबंध करणारी कलमे आली. रोग्याची नोंद ही रोग्याच्या हिताची वस्तू आहे, दुकानदाराचे भांडवल नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. २०१९ च्या अखेरीस बाई गूगल कंपनीच्या आरोग्यविषयक कामात गेल्या. म्हणजे दवाखाना, शहर, सरकार आणि उद्योग अशी ही चार पायऱ्यांची वाटचाल आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी आपल्याशी प्रामाणिक राहिले असे होणार नाही. तंत्रज्ञान आले म्हणून रोग्याचे भले झालेच, असे मुळीच नाही. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, डॉक्टर रोग्यासमोर जो एक तास घालवितो त्याच्यामागे जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदी व मेजावरील कामात जातात. रोगी बोलत असतो आणि डॉक्टरची नजर पडद्यावर असते, ही तक्रार आज सर्व देशांत ऐकू येते.

याहून गंभीर उदाहरण २०१९ चे आहे. कोणत्या रोग्यांना जास्त देखरेख लागेल हे ठरविणारी एक गणितीय प्रणाली अमेरिकेतील अनेक आरोग्यसंस्थांत वापरात होती. तिने गरज मोजली ती खर्चावरून. ज्याच्यावर अधिक खर्च झाला तो अधिक आजारी, असे तिने धरले. संशोधकांनी तपासले तेव्हा आढळले की, कृष्णवर्णीय रोग्यांना उपचार मिळण्यातच अडथळे असल्याने त्यांच्यावर खर्च कमी होतो, म्हणून ते तितकेच किंवा अधिक आजारी असूनही यंत्र त्यांना निरोगी समजते. ही चूक दुरुस्त केली तर जादा देखरेखीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखविले. जो डॉक्टर गरीब वस्तीत एक वर्ष बसला असेल त्याला हे शिकवावे लागले नसते. पैसे नाहीत म्हणून जो आलाच नाही त्याचा खर्च शून्य असतो, आणि शून्य खर्च म्हणजे निरोगीपण नव्हे.

तिसरे उदाहरण थायलंडचे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा छायाचित्रावरून ओळखणारी एक प्रणाली तेथील दवाखान्यांत बसविण्यात आली. प्रयोगशाळेत तिचे काम उत्तम चालले होते. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, दवाखान्यातील परिचारिकांनी काढलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ती प्रणाली "अस्पष्ट" म्हणून नाकारीत होती. कारण खोली पुरेशी काळोखी करणे तेथे शक्य नव्हते. मग त्या रोग्याने दुसऱ्या दिवशी दूरच्या रुग्णालयात जावयाचे, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवावयाची. यंत्र करणाऱ्यांना डोळ्याचा पडदा ठाऊक होता, खिडकीचा पडदा ठाऊक नव्हता. अशा कामात दवाखान्यात वावरलेली एखादी डॉक्टर किंवा परिचारिका आरंभापासून असणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

तेव्हा "मुलीने जावे का?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, जाण्याजोगे काम तेथे आहे आणि तिच्यासारखीची तेथे गरज आहे. पण त्याबरोबर किंमतही सांगितली पाहिजे. प्रत्येक डॉक्टर दवाखान्यातून उठते तेव्हा तेथे एक खुर्ची रिकामी होते. ती भरण्यास महिने लागतात. आणि त्या महिन्यांत ज्या म्हातारीला नव्या डॉक्टरपुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते, तिच्या दृष्टीने ही प्रगती नसते. मी स्वतः बाह्यरुग्ण विभागातच आयुष्य घालविलेली आहे. मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांवर काय भार पडतो ते मी जाणते. पगार जास्त, रात्रपाळी नाही, रविवार मोकळा, म्हणून कोणी गेली तर तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. लहान मुले आणि आजारी सासू-सासरे सांभाळून रात्रीची ड्यूटी करणाऱ्या बाईचे दुःख बाहेरच्याला कळत नाही, आणि कित्येक वेळा आपल्या घरांनीच तिला दुसरी वाट ठेवलेली नसते. मात्र मनगटावरचे घड्याळ विकण्यासाठी निरोग्याला भीती घालणे आणि वाडीवरच्या गरोदर बाईची नोंद हरवू नये म्हणून रात्र जागविणे, ही दोन्ही कामे आज आरोग्य-तंत्रज्ञान याच नावाखाली चालतात. कोणत्या कामासाठी खुर्ची रिकामी केली, हा प्रश्न तिने स्वतःला विचारावा आणि घरच्यांनीही तिला विचारावा.

आपल्या गोव्यात काय चालले आहे, तेही पाहू. पोर्तुगीजांच्या काळी १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकशाळेची परंपरा सांगणारे आपले वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे. गेल्या काही वर्षांत तेथील हृदयरोग विभागाशी दूरच्या तालुक्यांतील आरोग्य केंद्रे जोडण्यात आली आहेत. छातीत कळ आलेल्या रोग्याचा ईसीजी तेथेच काढतात, तो क्षणात तज्ज्ञांकडे जातो, आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन गरज असल्यास तालुक्याच्या ठिकाणीच देऊन मग रोग्याला पुढे पाठवितात. हृदयाच्या स्नायूला रक्त न मिळण्याचा एकेक मिनिट मोलाचा असतो. तेव्हा येथे यंत्राने माणसाचे अंतर कापले आहे. देशाच्या पातळीवर २०१९ पासून दूरसल्ल्याची ई-संजीवनी सेवा आहे, आणि सप्टेंबर २०२१ पासून डिजिटल आरोग्य अभियानाखाली १४ अंकी आरोग्य-खाते क्रमांक दिला जात आहे. या सर्व योजनांमागे ज्या डॉक्टर बसतात त्यांत उद्या आपल्या मुली असतील. त्यांनी विचारावयाचा प्रश्न पुन्हा तोच: ज्या काकूंकडे भ्रमणध्वनी नाही, ज्यांचे बोट झिजल्यामुळे ठसा उमटत नाही, ज्या परप्रांतीय मजुराचा पत्ता दर चार महिन्यांनी बदलतो, तो या क्रमांकात कोठे आहे?

नोंदवहीत असणे आणि नसणे यांतील अंतर महाजन कुटुंबांना मी काय समजावून सांगावे? १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासून महाजनांची नामावली ही आपल्या संस्थांचा पाया आहे. नामावलीत नाव असेल तर सर्वसाधारण सभेत आवाज. नसेल तर बाहेर. पिढ्यानपिढ्या कित्येक देवस्थानांच्या नामावल्यांत पुरुष वंशजांचीच नावे चढत आली. नैवेद्य रांधणाऱ्या, फुलांच्या माळा गुंफणाऱ्या, उत्सवात रात्र रात्र राबणाऱ्या सुना-लेकी देवाला ठाऊक होत्या, वहीला ठाऊक नव्हत्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नोंद म्हणजे सत्य नव्हे, ती सत्याचा एक भाग असते, हे समजून घेण्यास आपल्याजवळ घरचेच उदाहरण आहे. आणि कदाचित म्हणूनच या घरांतील मुली नोंदवहीच्या कामाला गेल्या तर वहीबाहेर कोण राहिले, हे त्यांना इतरांपेक्षा लवकर दिसेल.

विद्यार्थिनींना दोन शब्द सांगते. घाई करू नका. पदवी हाती पडताच थेट संगणकाच्या मेजावर जाऊन बसू नका. निदान काही वर्षे अशा जागी काम करा की जेथे रोगी तुम्हांला नावाने ओळखेल आणि तुम्ही त्याचे घर ओळखाल. त्या वर्षांत तुम्हांला जे राग येतील, म्हणजे हा फॉर्म तीनदा का भरावयाचा, हा अहवाल परत का आला नाही, ही बाई पुन्हा का आली नाही, ते सारे लिहून ठेवा. तुमचे पुढचे काम त्यातच आहे. गेल्यावरही आठवड्यातून एखादा दिवस रोगी तपासण्याचे व्रत शक्य असेल तर सोडू नका. आणि रोग्याच्या गुप्ततेविषयी कठोर राहा. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; पण कायद्याच्या आधीपासून वैद्याचा धर्म होताच की, रोग्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कानी जाऊ नये. आईबापांना माझे सांगणे एवढेच की, मुलगी दवाखाना सोडते म्हणाली तर "तू आता डॉक्टर नव्हेस का?" असे विचारू नका. "तुझ्या या नव्या कामाने कोणाचे दुखणे हलके होईल?" असे विचारा. तिच्याजवळ उत्तर असेल तर तिला आनंदाने जाऊ द्या. नसेल तर तो प्रश्नच तिला विचार करावयास लावील.

शेवटी समितीपुढे एक विनंती ठेवते. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. झाडे कोसळली, खांब पडले, कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. आणि त्याच दिवसांत घरी प्राणवायूचे यंत्र लावून निजलेली माणसे होती. न्यू ऑर्लीन्सने आयझॅक वादळात जे अनुभविले ते आपणही अनुभविले. आपल्या वाड्यांतून आज एकेकटे वृद्ध राहतात. मुले मुंबईला, आखातात, विलायतेत. पाऊस लागला की वीज जाते, दूरध्वनीही बंद पडतो. देवस्थानाजवळ प्रत्येक कुटुंबाचा पत्ता आहे. उत्सवाची पत्रिका, अभिषेकाचा प्रसाद घरोघर पोहोचविण्याची व्यवस्था आहे. तीच व्यवस्था वापरून, पावसाळ्यापूर्वी, ज्यांची इच्छा असेल त्यांच्याकडून एवढेच लिहून घ्यावे की, घरी विजेवर चालणारे वैद्यकीय यंत्र आहे का, थंड ठेवावयाचे इन्सुलिन आहे का, आणि वीज गेल्यास कोणाला कळवावे. ही यादी लिफाफ्यात बंद करून दोन जबाबदार व्यक्तींच्या हवाली ठेवावी आणि दरवर्षी नवी करावी. ती महाजनांपुरती ठेवू नये. भट-पुजारी, वाजंत्री, फुलकार, झाडलोट करणारी बाई, देवळाच्या आसपास भाड्याने राहणारे, यांचीही विचारपूस तिच्यात असावी. यासाठी मोठा संगणक नको, मोठा खर्चही नको. वही आणि पेन पुरे. या कामाची धुरा समितीने येथे बसलेल्या मुलींवर सोपवावी. घरोघर जाऊन विचारताना त्यांना वैद्यकीचा पहिला धडा मिळेल, आणि कोणते दार ठोठवावयाचे राहिले हे वहीत पाहताना दुसरा.

 सर्वांना आरोग्य लाभो, आणि आपल्या विचारपुशीतून कोणी सुटून न जावो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून आपली रजा घेते.